शेततळं, सोलर पंप आणि १५ गुंठे भाजीपाला: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

सोलर बसवला, ड्रिप (ठिबक) टाकलं, टोमॅटो लावला आणि ऐन तोडणीत तळं तळाला गेलं, हे रडगाणं दरवर्षी ऐकायला मिळतं. चौकशी केली की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट निघते, कामाचा क्रम उलटा झालेला असतो. योजनेत पंप मिळाला म्हणून पंप घेतला, मग पंप आहे तर ड्रिप, ड्रिप आहे तर एकरभर लागवड, आणि पाणी किती आहे हा प्रश्न सगळ्यात शेवटी. खरा क्रम असा आहे: पाणी, तळं, क्षेत्र, ड्रिप, पंप, पॅनल. पॅनल सगळ्यात शेवटी.

खालचे आकडे कमी पावसाच्या पट्ट्यासाठी आहेत, म्हणजे दौंड, बारामती, माण, सांगोला, आटपाडी असा भाग, जिथं वर्षाला साधारण ५०० मिमी पाऊस पडतो. तुमच्याकडे पाऊस वेगळा असेल तर आकडे बदला, पण पद्धत तीच ठेवा.

टप्पा १: वही घेऊन बसा, पाण्याचा हिशोब करा

१ मिमी पाऊस १ चौरस मीटरवर पडला की १ लिटर पाणी होतं, एवढं एक लक्षात ठेवलं की बाकीचं सगळं घरी बसून काढता येतं.

१० गुंठे म्हणजे साधारण १००० चौरस मीटर. ५०० मिमी पावसात त्यावर ५ लाख लिटर पडतं, पण पडलेलं सगळं वाहून तळ्यात येत नाही, बरंचसं जमिनीत मुरतं. मध्यम जमिनीत वाहून येणारं पाणी २० टक्के धरा, म्हणजे १० गुंठ्यातून १ लाख लिटर. मुरमाड हलकी जमीन असेल तर त्याहून कमी धरा. आणि हे पाणी चार महिने थोडं थोडं येत नाही, मोजक्या चार-पाच मोठ्या पावसात येतं, म्हणून चर आणि तळं जूनच्या आधी तयार पाहिजे.

आता साठवण. २० बाय २० मीटर, ३ मीटर खोल, बाजूचा उतार एकास एक असं तळं धरू. तळ १४ बाय १४ होतो आणि कागदावर पाणी बसतं ८.७६ लाख लिटर. लोक हाच आकडा धरून पुढं जातात आणि इथंच फसतात. काठापर्यंत तळं कधी भरायचं नसतं, अर्धा मीटर मोकळं सोडावं लागतं, मग राहतं साधारण ६.८५ लाख. तळाचं अर्धा फूट गाळाचं पाणी उपसता येत नाही, ते गेलं की हातात साडेसहा लाख.

यातून उन्हाचा वाटा काढा. थंडीत रोज ४ ते ५ मिमी पाणी वाफ होऊन जातं. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत १२० दिवसांत या तळ्यातून पावणेदोन-दोन लाख लिटर असंच उडून जातं. पिकासाठी उरलं साधारण पावणेपाच लाख.

मल्चिंग (बेडवर अंथरलेला प्लास्टिक कागद) आणि ड्रिपवर थंडीतल्या भाजीपाल्याला, रोप लहान असतानाचे दिवस धरून, सरासरी रोज अडीच मिमी धरा. १५ गुंठ्यांना रोज ३८०० लिटर, १२० दिवसांचे साडेचार लाख. बसलं. हेच २० गुंठे केले तर सहा लाख लागतात, म्हणजे शेवटचा महिनाभर तळं कोरडं, आणि तो नेमका तोडणीचा महिना.

तळ्याच्या तोंडावर थेट पडणारा पाऊस पण मोजायचा का, असं खूप जण विचारतात. २ लाख लिटर पडतं खरं, पण पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारण तेवढंच उडूनही जातं, म्हणून ते हिशोबात धरू नका. मग ६.८५ लाखाचं तळं भरायला ७० गुंठे, म्हणजे पावणेदोन एकराचं पाणी तळ्याकडे वळलं पाहिजे. स्वतःचं रान तेवढं नसेल तर वरच्या शेजाऱ्याशी बोलून घ्या, त्याच्या बांधातून वाहून जाणारं पाणी चर काढून घेता येतं, पण हे बोलणं खोदाईच्या आधी झालं पाहिजे. गोठ्याच्या किंवा घराच्या पत्र्याचं पाणी विसरू नका, १००० चौरस फूट पत्र्यावरून वर्षाला ३९-४० हजार लिटर स्वच्छ पाणी मिळतं.

थांबा, तपासा: वहीत तीन आकडे आले का? किती पाणी येणार, किती हातात राहणार, किती गुंठे भिजणार. तिसरा आकडा येत नाही तोवर कुठल्याच दुकानात जाऊ नका.

उन्हाळ्यासाठी पाणी राखून ठेवायचा मोह होतो, तो मला पटत नाही. एप्रिल-मे मध्ये रोज ८-१० मिमी उडतं, पीकही दुप्पट पाणी मागतं, म्हणजे राखलेल्या पाण्यातलं बरंचसं उन्हालाच जातं. पाणी थंडीत पिकावर लावा, तिथं त्याचे पैसे होतात. मार्चनंतर उरलंच तर दोन-तीन गुंठे गवार नाहीतर भेंडी करा, त्याहून जास्त नको.

टप्पा २: जागा ठरवा, मग पोकलेन बोलवा

सगळ्यात महाग चूक इथं होते. आपल्याकडे प्लास्टिकचा कागद अंथरलेली बरीच तळी अर्धी जमिनीत आणि अर्धी मातीचा भराव घालून वर उचललेली असतात, कारण ती विहिरीच्या नाहीतर बोअरच्या पाण्याने भरायची असतात. असं तळं पावसाच्या वाहत्या पाण्यासाठी चालतच नाही, पाणी भराव चढून आत जाणार कसं? पावसाच्या पाण्याचं तळं पूर्ण खोदाईचं पाहिजे, रानाच्या उताराच्या खालच्या अंगाला, पण ओढ्याच्या पात्रात किंवा पुराच्या रेषेत नाही.

उंचावलेलं तळं आधीच केलेलं असेल तर ते मोडायची गरज नाही. रानाच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटा खड्डा करा, त्यात पाणी जमवा आणि पावसाळ्यात सोलर पंप तसाही रिकामा असतो, त्यानं ते पाणी वर तळ्यात टाका. मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की लगेच उपसा, नाहीतर मुरून जाईल.

खोदाईत या गोष्टी जागेवर उभं राहून करून घ्या, एकदा मशिन गेलं की परत येत नाही:

१. जागा बांधासकट मोजा. २० बाय २० चं तळं पाण्याला ४ गुंठे खातं आणि बांध, फिरायची वाट धरून ६-७ गुंठे जातात.
२. निघालेली माती काठापासून किमान एक मीटर लांब टाका, अगदी काठावर रचली तर पहिल्या मोठ्या पावसात तीच आत येते.
३. काळी भारी माती असेल तर उतार एकास दीड ठेवा. पाणी थोडं कमी बसेल, हिशोब परत करा, पण बाजू ढासळणार नाही.
४. पाणी आत यायच्या तोंडाआधी गाळ बसायला ६ बाय ६ फूट, ३ फूट खोल असा खड्डा. हा नसला की दोन-तीन वर्षांत तळ्याच्या बुडाशी एवढा गाळ बसतो की तो काढताना कागद फाटतो.
५. जादा पाणी बाहेर जायचा सांडवा आत येणाऱ्या तोंडापेक्षा खाली आणि रुंद. दोन्हीकडे दगडाचं पिचिंग, म्हणजे दगड रचून घेणं.

टप्पा ३: कागद अंथरणे आणि कुंपण

मुरमात कागदाशिवाय पाणी टिकत नाही. ५०० मायक्रॉनचा जिओमेम्ब्रेन घ्या, त्यावर आयएस १५३५१ हा मार्क बघा, बिलावरही लिहून घ्या. पातळ कागद स्वस्त पडतो आणि पहिल्या दोन उन्हाळ्यात तडकतो.

अंथरायच्या आधी सगळ्या उतारावरून आणि तळावरून उघड्या तळव्याने हात फिरवा. हो, सगळ्या. डोळ्याला जमीन सपाट दिसते पण हाताला खडा टोचतो, आणि अडीच मीटर पाण्याच्या दाबाखाली तोच खडा कागदाला भोक पाडतो. मुळ्या, काड्या, बारीक टोकदार मुरूम काढा, बारीक चाळलेल्या मातीचा ३-४ इंच थर द्या, पाणी मारून दाबा. काठाभोवती दीड-दोन फुटाचा चर खणा, कागदाचं टोक त्यात सोडून माती दाबायची. कागद ताणून बसवू नका, थंडीत तो आकसतो, थोडा सैल सोडलाच पाहिजे. जोड गरम मशिनने सकाळी लवकर मारून घ्या, आणि त्याच दिवशी तळात फूटभर पाणी सोडा, नाहीतर रात्रीचा वारा आत शिरून कागद उचलतो.

इशारा, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा: कुंपणाशिवाय तळ्यात पाणी घेऊ नका. ओल्या कागदावर शेवाळ धरलं की चांगला पोहणारा माणूससुद्धा वर चढू शकत नाही, पाय घसरतच राहतो. दर वर्षी आपल्याकडे शेततळ्यात पोरं बुडून जातात, एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघं जातात. पाच फुटी जाळी, कुलूप लागणारं फाटक, चारही बाजूंनी खुंट्याला बांधून पाण्यात सोडलेला गाठींचा जाड दोर, आणि पाण्यावर दोन हवा भरलेल्या ट्यूब. कागदाच्या खर्चापुढं हा खर्च काहीच नाही. बजेट कमी पडत असेल तर तळं छोटं करा, कुंपण कमी करू नका.

टप्पा ४: ड्रिपचा आराखडा, पंपाच्या आधी

पंप किती एचपीचा हे ड्रिप ठरवतं. म्हणून आधी ड्रिप कागदावर काढा.

१५ गुंठ्यात ५ फुटी बेड धरले तर साधारण १००० मीटर लॅटरल, म्हणजे ड्रिपची नळी लागते. ४० सेंटिमीटरवर ड्रिपर (थेंब सोडणारी तोटी) म्हणजे २५०० ड्रिपर. ताशी २ लिटरचा ड्रिपर घेतला तर सगळं रान एकदम चालवायला ताशी ५००० लिटर लागतात. दोन सेक्शन करा, प्रत्येकी २५००. ताशी ४ लिटरचा ड्रिपर दुकानदार हमखास सुचवतो, पण सोलरवर मी २ लिटरचाच सांगेन, कारण सकाळी नऊ-साडेनऊला पंप अर्ध्या ताकदीनं चालतो आणि तेव्हाही एक सेक्शन नीट चाललं पाहिजे.

मेथी, कोथिंबीर, पालक यांना ५ फुटांवरची नळी चालत नाही, दोन ओळींच्या मधलं कोरडं राहतं. त्यांच्यासाठी दोन-तीन गुंठे वेगळे ठेवा आणि तिथं नळ्या दीड-दोन फुटांवर घ्या. तेवढी नळी आणि ड्रिपर वाढतात, वरच्या हिशोबात धरा, आणि तो भाग वेगळ्या वॉलवर (व्हॉल्व्हवर) ठेवा.

तळ्याचं पाणी उघडं असतं, शेवाळ येणारच. म्हणून नुसता जाळीचा फिल्टर पुरत नाही, आधी सँड फिल्टर आणि मग जाळीचा किंवा डिस्कचा. दोन्हीच्या आधी आणि नंतर प्रेशर गेज लावून घ्या.

ड्रिपला अनुदान घ्यायचं असेल तर महाडीबीटीवर अर्ज करा, पूर्वसंमती हातात येऊ द्या, मग बिल करा. आधी खरेदी आणि नंतर अर्ज असं केलं की प्रकरण अडकतं.

टप्पा ५: आता पंप आणि पॅनल

पंपाने किती उंची मारायची ते असं काढा: ड्रिपला १ किलो प्रेशर म्हणजे १० मीटर, तळ्यातून उचलायचे ३-४ मीटर, फिल्टरमध्ये जातात ४-५, पाइपमध्ये २. झाले २० मीटर. या उंचीला १ एचपीचा चांगला सोलर पंप भर उन्हात ताशी ५००० लिटरच्या आसपास देतो. आपल्याला एका सेक्शनला २५०० हवेत. म्हणजे या रानाला १ एचपी पुरेसा आहे, आणि दिवसाचे ३८०० लिटर दीड-दोन तासांत होतात.

मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत अडीच एकरापर्यंत ३ एचपी मिळतो, सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. जरूर घ्या, फक्त दोन गोष्टी करा. शेततळ्याची नोंद सातबाऱ्यावर आधी करून घ्या, पाण्याचा स्रोत नोंदीत नसला तर अर्ज पुढं सरकत नाही. दुसरं, ३ एचपीचा पंप १५ गुंठ्याच्या ड्रिपला फार मोठा आहे, बायपास वॉल काढून जादा पाणी परत तळ्यात सोडा, नाहीतर दुपारी बारा वाजता नळ्या जोडातून निसटून कारंजं उडतं. आणि पंप मोठा आहे म्हणून अजून अर्धा एकर ऊस भिजवायचा विचार मनात येतो, तेव्हा टप्पा १ ची वही उघडा. पंप वाढला म्हणून पाणी वाढत नाही.

पॅनल दक्षिणेकडे तोंड करून, आपल्याकडे १८-२० अंशांचा कल. सकाळी ९ ते दुपारी ४ पर्यंत एकाही पॅनलवर सावली पडता कामा नये, लिंबाच्या एका फांदीची सावली एका पॅनलवर आली तरी त्या लाइनीतल्या सगळ्या पॅनलची वीज घसरते. आज बघून जागा ठरवू नका, डिसेंबरमध्ये सावली लांब पडते. फाउंडेशनचे खड्डे किती खोल आहेत ते काँक्रीट पडायच्या आधी स्वतः मोजा, वळवाच्या वाऱ्यात पॅनल स्ट्रक्चरसकट उखडतात ते तिथंच. अर्थिंग आणि वीज पडण्यापासूनचा अरेस्टर दोन्ही बसवले का ते बघूनच सही करा.

टाकीबद्दल: १० फूट उंच स्टँडवर टाकी ठेवून ड्रिप चालवू असं खूप जण म्हणतात. १० फुटांवरून प्रेशर मिळतं ०.३ किलो, आणि ड्रिपला पाहिजे १. लांबच्या टोकाची झाडं कोरडी राहतात. सोलर पंपातून थेट ड्रिपला द्या, साठवण तळ्यात आहेच.

टप्पा ६: जोडणीचा क्रम

फूटवॉल (पाण्यात बुडवायचा तोंडाचा वॉल), सक्शन (पाणी ओढणारा पाइप), पंप, नॉन रिटर्न वॉल (पाणी मागं येऊ न देणारा), बायपास, सँड फिल्टर, व्हेंच्युरी (ड्रिपमध्ये खत ओढून घेणारी), जाळी फिल्टर, मग सेक्शनचे वॉल. खताची व्हेंच्युरी जाळी फिल्टरच्या आधीच पाहिजे, म्हणजे न विरघळलेलं खत ड्रिपरपर्यंत जात नाही.

फूटवॉल तळाला टेकवू नका. गाळही ओढतो आणि त्याच्या घासण्यानं कागदही जातो. २० लिटरचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला कॅन घ्या, त्याला दोरीने फूटवॉल असा बांधा की तो पाण्याच्या पातळीखाली दोन फुटांवर लटकेल, आणि सक्शनला लवचिक पाइप वापरा. पातळी उतरेल तसा कॅन उतरतो आणि पंपाला कायम मधलं स्वच्छ पाणी मिळतं. ड्राय रनचं संरक्षण, म्हणजे पाणी संपलं की पंप बंद होणं, कंट्रोलरमध्ये आहे का ते विचारून घ्या, नसेल तर बसवून घ्या.

तपासा: पहिल्यांदा चालू करताना लॅटरलच्या सगळ्या एंड कॅप (टोकाची झाकणं) काढून ठेवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्या, मग बंद करा. नंतर सगळ्यात जवळच्या आणि सगळ्यात लांबच्या ड्रिपरखाली एकेक भांडं ठेवा, १५ मिनिटं. २ लिटरच्या ड्रिपरखाली साधारण अर्धा लिटर जमलं पाहिजे. लांबच्या भांड्यात फारच कमी असेल तर लागवड थांबवा, आधी गळती नाहीतर प्रेशर शोधा.

टप्पा ७: लागवड आणि रोजचं पाणी

सप्टेंबर अखेर तळ्याची पातळी बघा आणि तेव्हाच क्षेत्र पक्कं करा. रोपवाटिकेत रोपांची ऑर्डर लागवडीच्या २५-३० दिवस आधी द्यावी लागते, म्हणून एक अंदाज ऑगस्टमध्ये काढून ठेवा. तळं अर्धंच भरलं असेल तर ५ गुंठेच लावा. रोपं आलीयत म्हणून लावून टाकू असं करू नका, पाणी नसलेलं झाड महिनाभर जगवून मारण्यात रोपांपेक्षा जास्त पैसे जातात.

टोमॅटो, मिरची, वांगी मिळून १० गुंठे, फ्लॉवर-कोबी २-३, आणि बाकी पालेभाजी. मेथी-कोथिंबीर एकदम टाकू नका, दर ८-१० दिवसांनी थोडी थोडी, म्हणजे बाजारात एका दिवशी सगळी न्यावी लागत नाही.

पाणी कधी द्यायचं हे घड्याळापेक्षा मातीला विचारा. मल्चिंगच्या भोकातून चार इंच खालची माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटानं हलकं दाबल्यावर फुटला, वाफसा आहे, आज पाणी नको. चिकटून राहिला तर दोन दिवस नको. गोळाच होत नसेल तर आज द्या. ऊन फुकट आहे म्हणून रोज तासभर पंप चालू ठेवणाऱ्यांचं तळंही रिकामं होतं आणि मिरचीला मर (झाड वाळवणारा रोग) पण लागते.

विद्राव्य खतं सकाळी ११ ते २ च्या मध्येच सोडा, व्हेंच्युरीला स्थिर प्रेशर लागतं आणि ते सोलरवर त्याच वेळेत मिळतं. आधी १० मिनिटं साधं पाणी, मग खत, मग पुन्हा १० मिनिटं साधं पाणी. ढग आले आणि व्हेंच्युरीनं ओढणं थांबवलं तर उरलेलं खत दुसऱ्या दिवशी द्या.

टप्पा ८: देखभाल, वेळच्या वेळी

पॅनल आठवड्यातून एकदा, सूर्य वर यायच्या आधी, साध्या पाण्यानं आणि मऊ कापडानं. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. ऊन आहे तोवर पॅनलच्या वायरमध्ये करंट असतो, पंप बंद असला तरी, म्हणून वायरचे जोड स्वतः ओढून काढायचे नाहीत.

फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या गेजमधला फरक वाढला की सँड फिल्टर बॅकवॉश करा, म्हणजे उलटं पाणी सोडून धुवा. एंड कॅप दर १५ दिवसांनी सोडा. शेवाळासाठी लोक मोरचूद कापडात बांधून तळ्यात सोडतात, पण तळ्यात रोहू-कटला सोडले असतील तर तसं करू नका, मासे मरतात. त्यापेक्षा शेवाळ जाळीने ओढून काढा.

तळ्याच्या एका बाजूला कागदावर ऑइल पेंटने फूट-फुटाच्या रेषा मारून घ्या आणि दर सोमवारी पातळी वहीत लिहा. आठवड्यात पिकाला किती गेलं आणि किती उडालं असेल ते तुम्हाला माहीत आहेच, त्याहून जास्त उतरलं तर कागद फुटलाय. पातळी उतरता उतरता एका ठिकाणी थांबते, भोक त्याच रेषेच्या आसपास शोधा, कागद कोरडा करून त्याच कागदाचा तुकडा गरम मशिननं चिकटवा, आणि हे काम मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी उरकून घ्या.